मशीनचे बोल्ट, नग चार

"धर, धर, सोडू नकोस!" सासरे ओरडले, आणि तिने ओल्या फरशीवर पाय रोवून कपडे धुण्याच्या मशीनला दोन्ही हातांनी कवटाळलं. आत ड्रम गरगरत होता आणि ते धूड थडथडत भिंतीपासून वीतभर पुढे आलं होतं. सासऱ्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्याला टेकवून मूठ कानाला लावली होती. डोळे मिटलेले. कारखान्यात बत्तीस वर्षं फोरमन म्हणून त्यांनी यंत्रांचं दुखणं असंच ऐकलं होतं.

"बंद कर."

तिने बटण दाबलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठीने ठोकलं, कालपासून चौथ्यांदा.

"बेअरिंग नाही," सासरे म्हणाले. "बेअरिंग घरघरतं. हे आदळतंय."

"मग काय असेल, बाबा?"

"फरशी. या घराची फरशीच उताराची आहे."

त्यांनी सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी घातली आणि मशीनच्या पायाखाली सरकवली. सकाळपासूनची ही तिसरी घडी. वर पाण्याने भरलेला पेला ठेवून त्यांनी पातळी पाहिली. पाणी पहिल्या घडीलाच सरळ झालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, हे तिला कळत होतं. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

पावणेचार. पाचला मेकॅनिक येणार होता, आणि त्याच्यासाठी नवरा ऑफिसातून लवकर निघणार होता.

जुन्या घरात शेवटच्या दोन महिन्यांत सासऱ्यांनी एकदा नळ उघडा ठेवून दिवाणखान्याचं तळं केलं होतं, आणि एकदा मिक्सरच्या वायरी उलटसुलट जोडून अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडवला होता. नवरा पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा गप्प बसला. चार दिवसांपूर्वी तिघं या घरात राहायला आले, काल पहिल्यांदा कपडे लावले आणि मशीन थयथयाट करायला लागलं, तेव्हा त्याने स्वयंपाकघरात आवाज खाली आणून सांगून टाकलं होतं, "हेही बाबांनीच जोडलंय. उद्या त्यांची चूक निघाली ना, तर ती हत्यारांची पेटी भंगारात आणि त्यांच्यासाठी दिवसभराचा माणूस. मला ऑफिसात जीव मुठीत धरून बसायचं नाही."

त्याचंही खोटं नव्हतं. पण दिवसभराचा माणूस म्हणजे 'आजोबा, हात लावू नका' म्हणत मागेमागे फिरणारा कुणीतरी. नाकावर माशी बसू न देणारे हे गृहस्थ ते कसं सोसणार? बाहेर त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. ताट मात्र अर्धं टाकून उठले होते.

"रबराचे पाय मिळतायत का बघतो," सासरे म्हणाले. चपला घालताना ते काही बोलणारसे वाटले. मग नुसतंच दार ओढून घेतलं.

ती पुसणं घ्यायला वळली आणि थबकली. पेटी उघडी होती.

त्या पेटीची किल्ली गोफात ओवून त्यांच्या गळ्यात असायची. साधा स्क्रू ड्रायव्हर मागितला तरी 'कशाला?' आणि 'परत कधी?' या दोन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय मिळत नसे. आज झाकण सताड उघडं होतं, आणि सगळ्या पकडी-पान्यांच्या वर एक गोल पत्र्याचा डबा ठेवलेला होता. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांचं ताठ अक्षर: 'मशीनचे बोल्ट, नग चार'.

तिने डबा हलवला. रिकामा.

मग तिला सामान हलवण्याचा दिवस आठवला. हमाल घाईत होते आणि सासरे मशीनसमोर आडवे उभे राहिले होते. "ड्रम आवळल्याशिवाय मशीन हलणार नाही. वाटेत आपटून मोडेल." मशीन नवं आलं तेव्हा त्यासोबतचे हे बोल्ट दुसऱ्या कुणीही त्याच दिवशी फेकून दिले असते. यांनी सहा वर्षं जपले होते. स्वतःच्या हाताने त्यांनी ते मागून बसवले, वर सगळ्यात दांडग्या हमालाकडून करकचून आवळून घेतले. आणि इथे आल्यावर काढायचे राहिले. ड्रमभोवतीची टाकी मागच्या पत्र्याला जखडलेली होती, म्हणून ड्रम फिरला की अख्खं मशीन हादरत होतं. घोडं इथे पेंड खात होतं.

तिला हसू यायला हवं होतं, पण आला तो राग. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. आणि मेकॅनिकला मात्र ती दोन मिनिटांत दिसली असती, मुलासमोर.

तिने वरचा पेला खाली ठेवला आणि मशीन ओढून तिरपं केलं. मागे वरच्या कोपऱ्यात बोल्ट नव्हता, नुसतं भोक होतं. गळून पडला असेल, म्हणून तिने खाली चाचपलं. काही नाही. उरलेल्या तिघांना दहा नंबरचा पाना बसला, पण हलेना. शेवटी ती फरशीवर बसली, पाठ भिंतीला लावली आणि पान्यावर टाच दाबली. कर्र झालं. एक. मग दुसरा.

फोन वाजला.

"मेकॅनिक लवकर आलाय, खाली भेटला," नवरा म्हणाला. "वर येतोय आम्ही."

तिसऱ्याला पाना सटकला आणि बोटाच्या सांध्यावरचं कातडं सोललं. तिने दात आवळून पुन्हा टाच मारली. बोल्ट डब्यात, डबा पेटीत, मशीन भिंतीला, पेला परत वर. पुठ्ठे ओढून काढेपर्यंत बेल वाजली.

दारात तिघे होते. सासऱ्यांच्या हातात छोटी पिशवी होती. त्यांनी मशीनकडे पाहिलं नाही, तिच्या बोटाकडे पाहिलं.

"लावा बघू," मेकॅनिक म्हणाला.

तिने बटण दाबलं. ड्रम फिरायला लागला, वेग वाढला. नुसती गुणगुण. वरच्या पेल्यातलं पाणी जरासं थरथरलं, पण सांडलं नाही.

"याला तर काहीच झालेलं नाही. कुणी हात लावला होता का?"

नवऱ्याने बापाकडे पाहिलं.

"बाबांनी," ती म्हणाली. "सकाळपासून तेच बघतायत."

"काय होतं, काका?"

सासऱ्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ड्रम अडकला होता," ते म्हणाले. "सोडवला."

मेकॅनिकने मान डोलावली. नवऱ्याचे खांदे खाली आले. त्यालाही तो दिवसभराचा माणूस नकोच होता, हे तिला आत्ता कळलं.

"कमाल आहे तुमची, बाबा," तो म्हणाला आणि मेकॅनिकला सोडायला खाली गेला.

सासरे पेटीपाशी बसले. डबा उघडून त्यांनी आतले तीन बोल्ट बोटाने सारखे केले. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चौथा त्यांच्यात टाकला.

"सकाळी लक्षात आलं," ते वर न बघता म्हणाले. "हा एक सैल होता, निघाला. बाकीच्यांना मनगट पुरेना."

"मग पुठ्ठे कशाला घालत बसलात? सांगायचं ना मला."

"पेटी उघडी ठेवून गेलो होतो की."

त्यांनी झाकण लावलं, कुलूप घातलं आणि गळ्यातला गोफ डोक्यावरून काढून तिच्यापुढे धरला.

"मी काही मागायला आलो, तर आधी विचार, कशाला," ते म्हणाले. "आणि परत कधी, तेही."

"विचारीन," ती म्हणाली, आणि किल्ली गळ्यात घातली.