माझ्याखाली कोण बसलं होतं

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो. पण चटई म्हटल्यावर अंगणात टाकून वर शेंगा फोडत बसायची, ती मी नव्हे. माझ्यावर आजवर कोणी बसलेलं नाही. आमच्या सामोआत माझ्यासारखी चटई बायका वर्षानुवर्षं विणतात, काठाला लाल पिसं लावतात, आणि मग ती लग्नात, मयतीला, मानपानाला या घरातून त्या घरात जाते. जितकी जुनी, तितका तिचा मान मोठा. हे मी जरा तोऱ्यात सांगते आहे, ते मलाही कळतं. पुढचं सांगताना तोरा राहणार नाही.

मला लेइतूने विणलं. फालेतोई गावच्या कुळप्रमुखाची, सालेफूची, ती धाकटी बहीण. केवड्याची पानं उकळायची, समुद्राच्या पाण्यात मुरवायची, उन्हात पांढरी होऊ द्यायची आणि मग नखाने सुतासारख्या बारीक पट्ट्या काढायच्या. दिवसभर विणलं तरी चार बोटं काम होई. दोन वर्षं लागली. तिचा मुलगा पेनी तेव्हा रांगत होता. तो माझ्या कडा तोंडात घालायचा आणि लेइतू त्याच्या पाठीत धपाटा घालायची. मी पुरी झाले त्या दिवशी गावच्या बायकांनी मला चारी कोपऱ्यांनी धरून रस्त्यावरून मिरवलं. तेव्हा मला वाटलं, आता आयुष्यभर आपल्या नशिबी कौतुकच.

पेनी मोठा झाला. हसरा होता, आळशी होता, रानातल्या कबुतरांवर त्याचा नेम मात्र कधी चुकत नसे. आमच्याकडे पुरुष कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदून घेतो. ते दुखणं सोसलं की तो खरा पुरुष. पेनी गोंदायला बसला आणि पहिल्याच दिवशी, सुरुवातीचं पाठीवरचं हातभर काम झाल्यावर, उठून पळाला. अर्धवट गोंदण म्हणजे आमच्यात मोठी नामुष्की. "पेनी, पाठ झाक रे, कबुतरं हसतात!" असं पोरीसुद्धा त्याला चिडवत. तोही हसायचा आणि पाठ झाकायचा.

मग एक हत्या झाली. शेजारच्या सातुओलो गावचा वाइओलो हा आमच्या भागातून निवडून गेलेला पुढारी. बोलायला फटकळ. धक्क्याच्या कामात त्याने राजधानीतल्या कुणा बड्या व्यापाऱ्याची वाट अडवली होती, आणि नवा रस्ता सालेफूच्या अळूच्या मळ्यातून काढला होता. म्हणजे शत्रू दोन्हीकडे. रोज तिन्हीसांजेला आमच्या गावांत गॅसच्या रिकाम्या नळकांड्यावर टोले पडतात. मग कोणी बाहेर दिसायचं नाही. सगळे घरात, डोळे मिटून, प्रार्थनेला. आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब. वाइओलो घरच्यांबरोबर प्रार्थनेला बसला होता. नीरफणसाचं मोठ्या पानांचं झाड आहे अंगणापलीकडे, त्याच्याआडून कोणीतरी छऱ्याच्या बंदुकीने त्याला मारलं.

त्या वेळी पेनी बंदूक घेऊन रानात होता. एकटा. सकाळी झाडाखाली त्याच्या बंदुकीत बसेल असं काडतूस सापडलं. मळ्याचं भांडण सगळ्यांना ठाऊक होतं. पोलिसांनी त्याला बोटीत घालून राजधानीला नेलं.

त्या दुपारी लेइतूच्या घरात जे झालं, ते मी पलंगाखालून ऐकलं.

"चटई काढ," सालेफू म्हणाला. "उद्या उजाडायच्या आत वाइओलोच्या दारात जाऊन बसायचंय."

"दादा, पोरगं म्हणतंय मी नाही मारलं!"

"म्हणू दे. कोर्ट बघेल ते. पण सातुओलोची पोरं कोयते घासताहेत, त्याचं काय? उद्या आपली घरं जाळतील. मी पेनीसाठी नाही बसत. गावातल्या बाकीच्या पोरांसाठी बसतोय."

"आपण जाऊन बसलो म्हणजे त्यानंच मारलं, असं झालं की!"

"असं काही होत नसतं. ही चाल वाडवडिलांची आहे. राग शांत करायची आहे. गुन्हा कबूल करायची नाही."

"हे तुला माहीत, मला माहीत. त्यांना कोण सांगणार?"

सालेफू उठून उभा राहिला. कुळप्रमुखाचा शब्द खाली पडत नाही. लेइतूने मला काढलं, झटकलं आणि म्हणाली, "मग मीही बसते. विणलीय मी, तर डोक्यावरही मीच घेते."

पहाटे ते बहीणभाऊ वाइओलोच्या अंगणात गुडघे टेकून बसले. समोर सरपण आणि दगड ठेवले. म्हणजे, हवं तर आम्हाला भाजून खा, आम्ही तुमच्या स्वाधीन आहोत. मला दोघांच्या डोक्यावरून पांघरलं. ऊन चढलं. पोरं कोयते घेऊन भोवती फिरत होती. माझ्याखाली लेइतू थरथरत होती, आणि तो थरथराट माझ्या विणीविणीत शिरत होता. दुपार व्हायला आली तेव्हा वाइओलोची बायको तालिंगी पायऱ्या उतरून आली आणि तिने मला त्यांच्या डोक्यावरून उचललं. झालं. मिटलं. कोयते खाली गेले. एकही घर जळलं नाही. रीतीप्रमाणे मी तालिंगीच्या घरी राहिले.

मला वाटलं, मी केवढं काम केलं! गर्व चढला होता मला.

पेनीला जन्मठेप झाली.

आणि मग सुरू झाला तो वाद. रविवारचं जेवण आटोपलं की वाइओलोच्या घरी तिघे बसत. शाळेतून निवृत्त झालेले तुसी मास्तर, बसवाला फेतू, आणि वाइओलोचा धाकटा भाऊ मोसे, ज्याला भावाच्या मागे कुळाचं नाव आणि कुळप्रमुखाचा मान मिळाला होता.

"दोन बार झाले," फेतू मांडीवर थाप मारून सांगे. "माझ्या कानांनी ऐकलेत. एक माणूस दोन ठिकाणांहून बार काढील का? दोघं होते."

"फेतू, दुसरा आवाज नळकांड्याचा होता. उशिरा धावत आलेल्या पोरानं ठोकलं ते."

"मास्तर, मला नळकांडं आणि बंदूक कळत नाही होय?"

"तुझ्या बसचा भोंगा बिघडून दोन वर्षं झाली, ते तुला कळत नाही. बंदुकीचं काय घेऊन बसलास!"

मास्तरांचा मुद्दा वेगळा होता आणि मला तो नेहमी पटायचा. काडतूस कागदी होतं. त्या रात्री धो धो पाऊस पडला. कागद भिजून फुगायला हवा होता. सकाळी सापडलेलं काडतूस मात्र कोरडं ठणठणीत. म्हणजे पाऊस थांबल्यावर कोणीतरी ते तिथे आणून टाकलं.

"व्यापाऱ्यानं माणूस पाठवला असणार," फेतू म्हणे. "आणि ऐका, माझा साडू ऑकलंडच्या बाजारात गेलता. त्यानं वाइओलोला बघितलं. कांदे घेत होता."

"गाढवा, मी त्याची शवपेटी उचललीय," मास्तर ओरडत. "चार दिवस खांदा दुखत होता. तेवढा जड या बेटावर दुसरा कोण आहे?"

मग हसू, मग पुन्हा वाद. आणि वाद काडतुसावर येऊन अडला की मोसे शांतपणे उठायचा, गादीखालून मला काढायचा आणि त्यांच्यापुढे पसरायचा.

"हे काय आहे, मास्तर? पोरानं काही केलं नसतं, तर ते आपल्या दारात बसले असते?"

मास्तर उठून चपला शोधत. फेतू बसकडे निघे. दर वेळी असंच. मी तिथे पसरलेली असायची, काठाची पिसं वाऱ्यावर हलायची, आणि मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, माझ्याखाली पेनी बसलाच नव्हता! पण चटईला कोण विचारतो?

आता जे सांगते ते मनावर दगड ठेवून सांगते. कसर लागू नये म्हणून तालिंगी मला दर महिन्याला उन्हात घालायची. पहिल्याच वर्षी एकदा, घरी कोणी नसताना, ती माझ्यावर हात फिरवता फिरवता थांबली आणि पुटपुटली, "माझे डोळे उघडे होते गं." प्रार्थनेच्या वेळी धाकट्या मुलाला ताप होता म्हणून तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं होतं. तेव्हा झाडाआड माणूस दिसला. चेहरा नाही दिसला. लुंगी वर खोचलेली होती आणि मांड्या गुडघ्यापर्यंत पूर्ण गोंदलेल्या होत्या. पेनीच्या मांड्या कोऱ्या होत्या. साऱ्या जगाला माहीत होतं ते.

तशा मांड्यांचे पुरुष सातुओलोत वीसबावीस होते. त्यातला एक तिच्याच घरात जेवत होता. पदरात दोन लहान मुलं. तिने तोंडाला कुलूप लावलं. मी तिला दोष देऊ का? कधी देते, कधी देत नाही.

बाराव्या वर्षी लेइतू आली. केस पांढरे झालेले, चालताना धाप लागत होती. पेनीच्या छातीत दुखणं शिरलं होतं. सुटकेचा अर्ज केला होता, त्यावर मृताच्या घरचा शब्द हवा होता. पाद्रीबाबांनी दोन्ही घरांना एकत्र बसवलं. मोसेने मला मध्ये पसरलं होतं, न बोलता.

"वहिनी काही बोलणार नाहीत," तो म्हणाला. "चटई उचलली तेव्हाच सगळं मिटलं. मिटलेलं कशाला उकरायचं?"

लेइतूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तालिंगी, त्या चटईखाली मी होते. माझं पोरगं नव्हतं. तू झाडाकडे तोंड करून बसली होतीस असं सगळे सांगतात. काही दिसलं असेल तर सांग. त्याला घरी मरायचंय, बाकी काही नको."

तालिंगीचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. माझी एकेक पट्टी ताठ झाली होती. मोसेने नुसतं खाकरल्यासारखं केलं.

"प्रार्थना चालू होती," तालिंगी म्हणाली. "माझे डोळे मिटलेले होते."

लेइतू उठली. जाताना वाकून तिने माझं एक वाकडं झालेलं पीस सरळ केलं. सवय, दुसरं काय.

पाच महिन्यांनी पेनी तुरुंगाच्या दवाखान्यात वारला. त्याला पेटीतून फालेतोईला आणलं. त्या सकाळी तालिंगीने मला गादीखालून काढलं आणि कोणाला न विचारता बसमध्ये जाऊन बसली.

"वहिनी, चटई घेऊन कुठं?" फेतूने विचारलं.

"जिथली तिथं," ती म्हणाली.

लेइतूचं घर माणसांनी भरलं होतं. तालिंगीने मला पेटीवर पसरलं आणि तिथेच खाली बसली.

"लेइतू, मी खोटं बोलले. डोळे उघडे होते माझे. मी त्याच्या मांड्या बघितल्या. गुडघ्यापर्यंत गोंदलेल्या."

 मग मागच्या बायकांतून एकीने हंबरडा फोडला. म्हातारा सालेफू खांबाला टेकून होता, तो म्हणाला, "मला वाटलं होतं, घरं वाचली..."

"घरं वाचली, दादा," लेइतू म्हणाली. "बघ, सगळी जागच्या जागी आहेत."

मग तिने मला पेटीवरून काढलं, व्यवस्थित घडी घातली आणि तालिंगीच्या हातात दिली. मयतीला आणलेली चटई परत करणं आमच्यात कोणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. "ही घेऊन जा," ती म्हणाली. "बारा वर्षं हिला माझ्या पोरापुढं धरलंत. आता त्याच्या अंगावर नको."

तालिंगी सासरी परतली नाही, बहिणीकडे गेली. मला दोन्ही घरांनी नाकारलं. तालिंगीने मला पाद्रीबाबांकडे सोपवलं, त्यांच्याच कपाटात मी आहे. माझी पिसं झडताहेत आणि एका कोपऱ्याला कसर लागली आहे. पोलिसांनी कोणाच्याही मांड्या तपासल्या नाहीत. वाद मात्र चालूच आहे. आता तो चर्चच्या ओट्यावर होतो आणि खिडकीतून मला ऐकू येतो.

"जी बाई प्रार्थनेत डोळे उघडे ठेवते, तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा?" मोसे म्हणतो.

"आणि बारा वर्षांनी आठवलं?" फेतू म्हणतो. "मला विचाराल तर दोन बार झाले होते."

मास्तर कोरड्या काडतुसाचं काढतात. कोणी ऐकत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. माझी काळजी फार घेतली गेली. दर महिन्याला मला ऊन दाखवलं, हातांनी कुरवाळलं, पाहुण्यांपुढे मांडलं. तुम्ही कधी अशा वादात बसलात, आणि माणसं बसतातच, तर एवढं करा. हातातला पुरावा सगळ्यांपुढे पसरण्याआधी, ज्याच्याबद्दल बोलताय त्याला एकदा जाऊन भेटा. मास्तर नाही गेले, फेतू नाही गेला, मोसे तर नाहीच नाही. पेनीकडे जाणारी बोट रविवार सोडून रोज सुटत होती.