लंच पार्टीच्या यादीतली सहावी

"सर, समजा मी उद्या माझी पार्टी सोडली, तर सीट परत द्यावी लागेल का?"

हे मी विचारलं. भर वर्गात, हात वर करून, सगळे बघत असताना. ईशानी आणि मरियमने पैज लावली होती की गौरांगी हा प्रश्न डेक्कर सरांना विचारूच शकत नाही, आणि विचारलाच तर आठवडाभर तिची बॅग आम्ही उचलू. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. पावणेदोन वर्षांपूर्वी नागपूरहून कॅनडातल्या किचनरला आले तेव्हा हजेरीला मी इतक्या हळू ओ द्यायचे की दोनदा माझी ॲबसेंट लागली होती.

सरांनी मार्कर खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही. सीट पार्टीची नसते. ज्याची असते त्याची असते."

समोरच्या रांगेतून अवंतिकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अवंतिका आमच्या पार्टीची लीडर. ती हसत नव्हती.

आता हे सीट प्रकरण सांगते. डेक्कर सरांचे आईवडील नेदरलँड्सहून आलेले, त्यामुळे अकरावीच्या वर्गात त्यांनी तिथल्या संसदेच्या धाकट्या बहिणीसारखी आमची संसद काढली. तिकडे दीडशे जागा, आमच्याकडे पंधरा. प्रत्येक पार्टीने उमेदवारांची नंबर टाकून यादी द्यायची, मत देणाऱ्याने त्यातल्या एका नावावर खूण करायची, आणि पार्टीच्या एकूण मतांच्या हिशोबात जागा मिळणार. मधेच कोणी गेलं तर पुन्हा निवडणूक नाही. यादीतला पुढचा माणूस उठतो आणि येऊन बसतो. सर म्हणतात, तिकडे दोन निवडणुकांच्या मधे इतके चेहरे बदलतात की शेवटी पहिल्या दिवसाचा फोटो जुना वाटायला लागतो.

आमची लंच पार्टी. लंच ब्रेक लांबवू, शाळेत व्हिडिओ गेमच्या मॅचेससाठी ई-स्पोर्ट्स रूम आणू, अशी वचनं. मी यादीत सहावी, कारण सात नावं लागत होती आणि मी नाही म्हणायला घाबरले. जागा मिळाल्या चार. मला स्वतःला दोन मतं पडली, त्यातलं एक माझंच. विषय संपला होता.

पण ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या नंबरचा तनय मंत्री झाला. तिकडच्या नियमाप्रमाणे मंत्र्याला सभागृहात सीट ठेवता येत नाही, म्हणून त्याने ती सोडली. पाचव्या नंबरची मुलगी यायची, तर तिचे आईबाबा नोकरीसाठी हॅलिफॅक्सला निघाले आणि तीही गेली. सोमवारी सकाळी सरांनी पुकारलं, "नंबर सहा." मी आधी मागे वळून पाहिलं की हा नंबर कोणाचा आहे.

काय सांगू, त्या खुर्चीत बसले आणि मला बोलता यायला लागलं. अगदी खरं. समोर माझ्या नावाची पाटी, सर 'द ऑनरेबल मेंबर' म्हणतात, आणि माझं बोलणं संपेपर्यंत कोणी मधे तोंड घालू शकत नाही. पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा बोलले. दुसऱ्या आठवड्यात सरांना मला थांबवावं लागलं.

तिसऱ्या आठवड्यात रूम ११४ आली. प्रिन्सिपलनी सांगितलं होतं की एका ठरावाचं ते खरोखर ऐकतील, जो पास होईल तो अमलात आणतील. अवंतिकाने ठराव मांडला: ई-स्पोर्ट्स रूम ११४ मध्ये करायची. मतदान पुढच्या सोमवारी.

११४ म्हणजे नव्याने देशात आलेली मुलं जिथे डबा खातात ती खोली. नववीत मी तिथेच खायचे. ईशानी तिथेच भेटली, मरियमही. तिथे डब्यातल्या मेथीच्या भाजीकडे बघून कोणी नाक मुरडत नाही, आणि चुकीचं इंग्लिश बोललं तर समोरचा त्याहून चुकीचं बोलून साथ देतो.

हिशोब सोपा होता. आमच्या चार सीट, आमच्या बाजूने असलेल्या दुसऱ्या पार्टीच्या चार, आठ झाले की ठराव पास. मी 'नाही' म्हटलं की सात. म्हणून ती पैज, म्हणून तो प्रश्न. मैत्रिणींसाठी ती गंमत होती. सरांचं उत्तर ऐकल्यावर माझ्यासाठी राहिली नाही.

अवंतिकाने मला लॉकरपाशी गाठलं. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. लोकांनी लंच पार्टीला मत दिलं, ई-स्पोर्ट्सचं वचन बघून दिलं. मी म्हटलं की वचनात कुठली खोली ते नव्हतं. ती म्हणाली, "गौरांगी, तुला दोन मतं होती. टू. विरोधात जायचं तर पार्टीतून बाहेर पड, नाहीतर सीट सोड, सातवा नंबर गंधारचा आहे, तो बसेल."

शाळेचं भांडण शाळेतच राहिलं असतं. पण अवंतिका म्हणजे नीलिमा काकूंची मुलगी. आणि कॅनडात आल्यावर पहिले तीन महिने आम्ही राहिलो ते नीलिमा काकूंच्या बेसमेंटमध्ये. आम्हाला विंटर जॅकेटं त्यांनी दिली, दारातला बर्फ शोव्हलने कसा उपसायचा ते चारुदत्त काकांनी शिकवलं, आईला ड्रायव्हिंग टेस्टला काकूच घेऊन गेल्या, दोन्ही वेळेस.

रविवारी दुपारी काकूंचा फोन आला. रागावल्या वगैरे अजिबात नाहीत. आईला इतकंच म्हणाल्या की पोरींचं काय ते मिटवून टाकू या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन ठेवल्यावर आई कणीक मळत होती ती मळतच राहिली.

"काहून गं," ती शेवटी म्हणाली, "एका खोलीसाठी? तू तर आता तिथे बसतसुद्धा नाहीस."

ते खरं होतं. आता मी कॅफेटेरियात जेवते.

बाबा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहेत. कुठल्याही नियमात भोक शोधणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. सरांनी दिलेली सहा पानांची नियमावली त्यांनी चहासोबत वाचून काढली आणि त्यांचा चेहरा खुलला. तिकडे खासदार आजारी पडला तर सोळा आठवड्यांची रजा मिळते, तेवढ्यापुरता यादीतला पुढचा माणूस बसतो, आणि मग मूळ माणूस परत येतो. आमच्या संसदेत सोळा दिवस.

"म्हणजे बघ," बाबा म्हणाले, "तू नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही. उद्या गंधार बसेल. दोन आठवड्यांनी तुझी सीट तुला. नीलिमा खूश, तू खूश, कोणी कोणाला सोडलं नाही."

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मी लगेच लॅपटॉप उघडला आणि सरांना ईमेल लिहायला घेतला. सीट राहणार होती ना. माझी पाटी, माझा माईक. आई पण उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, बऱ्याच वेळाने हसली.

"आजार काय लिहू?" मी विचारलं.

"घसा लिही," बाबा म्हणाले. "घसा कोणी तपासत नाही. आवाज गेलाय म्हण."

मी टाइप केलं. आवाज गेलाय, बोलता येत नाही. मग ते वाक्य स्क्रीनवर वाचलं आणि मला एकदम हसूच आलं. दीड वर्ष गेलेलाच होता की. तेव्हा कोणी सोळा दिवसांची रजा दिली नाही. तेव्हा ११४ नंबरची खोली होती. आणि गंधार बसला तरी रजेवर गेलेल्याची सीट त्याचीच राहते, नियमात तसंच लिहिलंय. म्हणजे ती खोली जाणार माझ्याच सीटवरून, फक्त 'हो' माझ्या तोंडून निघणार नाही इतकंच.

११४ मध्ये आठवड्यापूर्वीच आलेले दोघं भाऊ डोळ्यांसमोर आले. अजून कोणाशी बोलत नाहीत, पण शुक्रवारी डब्यातले खजूर त्यांनी सगळ्यांसमोरून फिरवले. मी मरियमला भेटायला म्हणून डोकावले होते, मलाही दिले.

मी ईमेल पुसला आणि खुर्ची वळवली.

"आई, बाबा, मी आजारी पडणार नाहीये. उद्या पार्टी सोडतेय. एकटीचा गट काढला की बोलायला तीन मिनिटांऐवजी एकच मिळतं, ते मला पुरेल. मी 'नाही' म्हणणार."

बाबा काहीतरी म्हणणार होते. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर अडकले असते.

"पण अवंतिकाला आणि काकूंना हे उद्या वर्गातून कळायला नको. मी आत्ता त्यांच्या घरी जाऊन समोर बसून सांगणार आहे. त्या चिडल्या तर माझ्यावर चिडतील, तुमच्यावर नाही. तुम्ही मला सोडताय, की मी बसने जाऊ?"