आठ फेऱ्या

काचीगुडा स्टेशनसमोरच्या गल्लीत 'हिम्मत मोटार ड्रायव्हिंग स्कूल' अशी पाटी दिसली तर ती माझी. नाव हिम्मतराव, म्हणून हिम्मत. आमची बायको कुसुम म्हणते, जेवढी आहे तेवढी पाटीवरच आहे, घरात औषधालाही नाही. म्हणू दे. बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवल्यावर कुणात हिम्मत उरते? ती कधी बसलीय का अफझलगंजच्या चौकात? समोरून बस, डावीकडे केळ्यांचा बंडीवाला, स्टिअरिंग एका बँक मॅनेजरच्या हातात, आणि मॅनेजरसाहेब अगदी शांतपणे विचारतात, "ब्रेक कोणता म्हणालात?"

अशा वेळी माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, म्हणून मी आज हे सांगायला जिवंत आहे. माधापूरकडे कंप्यूटरच्या कंपन्या आल्यापासून तर विचारूच नका. ज्यांच्या घरात तीन पिढ्या सायकलवर निघाल्या ती पोरं पहिल्या पगारावर गाडी बुक करायला लागली. गाडी आधी दारात यायची, चालवायला नंतर शिकायचे. सकाळी सहापासून माझ्याकडे बॅचा.

सगळ्यांना मी पहिल्या दिवशी एक खूण शिकवायचो. माझा उजवा तळहात खाली वळला आणि हवा दाबल्यासारखा हलला, की पाय उचलायचा. का, कशाला, विचारायचं नाही. घाबरलेल्या माणसाला शब्द ऐकू येत नाहीत, हात मात्र दिसतो. आमच्या रेणूला ही खूण तीनचाकी सायकलपासून पाठ होती. गल्लीत जोरात निघाली की मी ओट्यावरून हात करायचो, आणि पोरगी पाय जमिनीला घासत थांबायची.

ही रेणू दोन हजार सालच्या जानेवारीत कुणाच्या तरी वाढदिवसाला मेडचल रोडवरच्या नव्या कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या शर्यतीच्या गाड्यांच्या, ट्रॅकवर गेली आणि तिथून निराळीच होऊन परत आली. जेवताना ताटात बोटानं वळणं काढायला लागली. गच्चीवर डोळे मिटून, दोन्ही हात पुढे धरून बसायची आणि मान इकडे तिकडे वळवायची. कुसुमला वाटलं दृष्ट लागली. मग एके दिवशी रेणूनं फॉर्म माझ्यापुढे ठेवला. सहा रविवार शिकवणार, चौदा जणांना घेणार, त्यांतले आठ शेवटी निवडणार आणि चेन्नईला नवशिक्यांच्या शर्यतीला नेणार. खाली पालकांची सही.

"नक्को," मी म्हणालो.

"बाबा, एकदा बघून तर या."

बघायला गेलो. शिकवणारा प्रशांत केळशीकर नावाचा पुण्याचा मुलगा, आठवडाभर कंपनीत नोकरी आणि रविवारी हा उद्योग. त्यानं मोठ्या कौतुकानं कार्ट दाखवली. गाडी म्हणायचं म्हणून म्हणायचं. चार चाकं, चार नळ्या, मागं इंजिन, आणि बसायला डांबरापासून चार बोटांवर एक सीट. गिअर नाही, क्लच नाही. उजव्या पायाला ॲक्सिलरेटर, डाव्या पायाला ब्रेक. शेजारी सीटच नाही, तर शेजारच्यानं बसायचं कुठं?

"पट्टा?" मी विचारलं.

"कार्टला पट्टा नसतो काका. उलटलीच तर माणूस बाहेर फेकला गेलेला बरा."

हे त्यानं हसत सांगितलं. पुण्याची माणसं वाईट बातमीही शुद्ध भाषेत देतात. काचीगुड्यापर्यंतच्या वाटेत मी माझ्या गाडीचा पट्टा तीनदा ओढून बघितला.

घरी तीन दिवस भांडण. रेणू रडली नाही, हट्टही केला नाही, नुसती गप्प झाली, आणि ते मला अजून अवघड गेलं. शेवटी कुसुमच म्हणाली, "गाडी तुम्हीच शिकवलीत ना तिला? मग आपल्या शिकवण्यावर तुमचाच भरवसा नाही का?" मी सही करायला तयार झालो, पण अट घातली. दर रविवारी मी तिथं उभा राहणार.

"राहा ना बाबा," रेणू म्हणाली. "तुम्ही फक्त हौ म्हणा."

ट्रॅकच्या टोकाला एक हेअरपिन वळण होतं. सरळ रस्त्यावरून गाडी पूर्ण जोरात येते आणि तिथं एकदम उलटी फिरते. काही घडलं तर इथंच घडणार, हे मला पहिल्या नजरेत कळलं. म्हणून मी कुंपणाला धरून बरोबर तिथंच उभा राहायला लागलो. डोक्याला रुमाल बांधून, उन्हात, डबा न खाता. रेणूचं लाल हेल्मेट लांबून दिसलं की माझा जीव मुठीत, आणि ती वळून पलीकडे गेली की सुटका. ती सुटका पाऊण मिनिटाची. मग पुन्हा ती यायचीच.

चौथ्या रविवारी एक विद्यार्थी माझ्या डोळ्यांदेखत त्या वळणावर टायरांच्या भिंतीत घुसला. खांद्याजवळचं हाड मोडलं. त्याला उचलून नेताना तो हसत होता, आणि मला मात्र खाली बसावं लागलं. त्या रात्री मी कुसुमला काही सांगितलं नाही. रेणूनंही सांगितलं नाही.

रेणू शिकत होती, पण नववी-दहावी यायची. आठात काही तिचा नंबर लागेना. जेवण तुटलं तिचं. कॉलेजची पुस्तकं उघडी ठेवून भिंतीकडे बघत बसायची. एकदा कुसुमला म्हणाली, "आई, मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी येतंय असं वाटतंय गं, आणि तेही निसटणार." मी पलीकडच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. एक अक्षर वाचलं नाही. खोटं कशाला बोलू, एक मन म्हणत होतं निसटू दे, एकदाची सुटेल. आणि दुसऱ्या मनाला त्या पहिल्याची शरम वाटत होती.

शेवटचा रविवार आला. सकाळी सराव, दुपारी परीक्षा. परीक्षेत एकेकाला एकट्यालाच सोडणार, आठ फेऱ्यांतली सगळ्यांत वाईट एक सोडून बाकी सातांचा मिळून जो वेळ होईल तो खरा. सराव चालू असताना प्रशांत हातात स्टॉपवॉच घेऊन माझ्याशेजारी कुंपणाला येऊन उभा राहिला.

"काका, मला हे कोडं सुटत नाहीये. पूर्ण ट्रॅकवर रेणू पहिल्या पाचांत आहे. फक्त ह्या वळणाआधी, ब्रेकची जागा यायच्या खूप आधी, ती पाय उचलते. दर फेरीला अर्धा सेकंद इथं जातो. सात फेऱ्यांचे साडेतीन सेकंद. आठव्या नंबरच्या आणि तिच्यामध्ये फरक आहे तीन सेकंदांचा."

"वळण अवघड आहे," मी म्हणालो. "सावध पोरगी आहे माझी."

तेवढ्यात लाल हेल्मेट आलं आणि गेलं. प्रशांत तिच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"काका, तुम्ही हे हातानं काय करताय?"

मी खाली बघितलं. माझा उजवा हात कुंपणाच्या वरून बाहेर होता, तळहात खाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू मला सांगतोस? तू चड्डीत होतास तेव्हापासून मी ह्या शहराला गाडी शिकवतोय! अर्धं काचीगुडा माझ्या हाताखालून गेलंय! एकाचं हाड मोडलं नाही!" अजून बरंच बोललो. तो पोरगा गुणाचा, ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "पुढच्या फेरीला हात खिशात ठेवा."

ठेवला. चांगला खोल खुपसला खिशात. रेणू सरळ रस्त्यावर आली, इंजिनाचा आवाज चढत गेला, आणि माझा हात आपोआप बाहेर आला. मी काढला नाही. शपथेवर सांगतो, मी काढला नाही. आणि त्याच क्षणी लाल हेल्मेट जरासं माझ्याकडे वळलं आणि इंजिनाचा आवाज पडला.

म्हणजे ज्या साडेतीन सेकंदांसाठी पोरगी अन्न सोडून बसली होती ते मी इथं उभा राहून खात होतो. सहा रविवार, डोक्याला रुमाल बांधून. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

हात बांधून काही उपयोग नव्हता. मी दिसलो तरी ती बघणार, आणि माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. जाणं हा एकच इलाज. पण जायचं म्हणजे ती त्या वळणावर एकटी, आणि काही झालं तर मला दिसणारसुद्धा नाही. दुपारी नावं पुकारली, रेणू अकरावी होती. ती हेल्मेट घालून रांगेत बसली तेव्हा तिला सांगावं असं वाटलं. पण सांगायला गेलो असतो तर माझी बोबडी वळली असती. काही न बोलता मी फाटकातून बाहेर पडलो.

बाहेर ख्वाजामियाँ म्हणून वयस्कर वॉचमन होते. त्यांनी माझं तोंड बघून आपली खुर्ची दिली. भिंत दीड माणूस उंच, आतलं काही दिसेना. नुसते आवाज. मी एकेकाच्या फेऱ्या मोजत बसलो. आठ झाल्या की इंजिन थांबायचं, थोडी शांतता, मग पुढचा. असे दहा गेले. अकरावं इंजिन सुरू झालं आणि मी खुर्ची भिंतीजवळ सरकवली.

पहिली फेरी. सरळ रस्त्यावर आवाज चढला, चढत गेला, आणि वळणाच्या जागी टायर असे किंचाळले की मी ताडकन उठलो. मग काहीच नाही. इंजिनाचाही आवाज नाही.

"बैठो साब," ख्वाजामियाँ म्हणाले. "कुछ हुआ तो अंदर से सिटी बजती."

मी शिट्टीची वाट बघत उभा राहिलो. आत धावत जावं तर तिनं मला बघितलं की संपलं. न जावं तर माझी पोर तिथं आडवी पडलेली असेल. मी फाटकाच्या कडीवर हात ठेवला. उजवा पाय खडीत एवढा रुतवून दाबला होता की चप्पल तुटली. किती वेळ गेला सांगता येत नाही, मला तो फार मोठा वाटला. मग इंजिन खाकरलं आणि पुन्हा निघालं. मी तिथंच फाटकाला टेकून उभा राहिलो.

दुसऱ्या फेरीला ती इतक्या जोरात आली की मी कान झाकले. टायर पुन्हा ओरडले, पण इंजिन थांबलं नाही. तिसरीला ओरडणं कमी. चौथीपासून आवाज एकसारखा झाला. चढायचा, एकदाच खाली यायचा, लगेच पुन्हा चढायचा. मी बोटांवर मोजत होतो आणि ख्वाजामियाँही मोजत होते. आठवी झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

अर्ध्या तासानं रेणू बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, हेल्मेट काखेत.

"सातवी," ती म्हणाली.

मी नुसती मान हलवत राहिलो.

"तुम्ही इथं बसला होता? सरांनी घालवलं का?"

"नाही. मीच आलो." मग मी हिय्या करून म्हणालो, "रेणू, माझ्या हातामुळे तू पाय उचलत होतीस. मला आज कळलं."

"मला दुसऱ्या रविवारीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "वेडी आहेस का? आज घालवून बसली असतीस सगळं! एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला?"

"बोलले असते तर तुम्ही गेला असता ना," ती म्हणाली. "मला भीती वाटायची बाबा. त्या वळणाची फार. तुमचा हात दिसला की जरा बरं वाटायचं."

भीती सगळी माझीच आहे असं मी धरून चाललो होतो. ह्या पोरीला घाबरताना मी कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या रविवारपासून ती हरायला तयार होती, पण मला जा म्हणायला तयार नव्हती.

"आज पहिल्या फेरीला बघितलं तर तुम्ही नाहीत," ती सांगत होती. "एवढी घाबरले, सगळा ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, बंद पडली. ट्रॅकवरच्या माणसांनी पुन्हा चालू करून दिली, आणि तीच फेरी वगळली म्हणून वाचले. दुसऱ्या फेरीला तुमचा असा राग आला म्हणून सांगू! न सांगता कसे गेलात म्हणून."

"आणि तिसरीला?"

रेणूनं जरा आठवून बघितलं.

"तिसरीपासून मी तुम्हाला विसरलेच," ती म्हणाली आणि खळखळून हसली.

"बरं केलंस," मी म्हणालो. खरंच म्हणालो, मनापासून. मग ख्वाजामियाँची खुर्ची उचलली आणि त्यांच्या खोलीत नेऊन ठेवायला गेलो, कारण त्या वेळचं माझं तोंड तिनं बघू नये असं मला वाटत होतं.