बसमध्ये बोंबललेला ट्रम्पेट

"अगं चिमणे, ही सुपारीएवढी डबी चोर पकडणार? चोर हिलाच खिशात घालून जाईल!" नणंदबाईंनी सकाळीच तोंडसुख घेतलं.

चिमणी हे भावजयीचं लाडाचं नाव. दोघी मिळून वाद्यांचं दुकान चालवत. सासऱ्यांच्या काळापासून तिथे सगळं काचेच्या कपाटांत कुलूपबंद. गिऱ्हाइकं काचेला नाक लावून बघायची आणि निघून जायची. चिमणीने नणंदेच्या मागे भुणभुण लावून अखेर खालची कपाटं उघडायला लावली आणि त्यांतल्या प्रत्येक वाद्याला एकेक बिनतारी टॅग घट्ट आवळला. वाद्य दाराबाहेर गेलं, की काउंटरवरचा अलार्मचा डबाही ओरडणार आणि वाद्यावरचा टॅगही.

दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणी गिटार छेडतंय, कुणी ड्रम बडवतंय! चिमणीचा आनंद गगनात मावेना. नणंदबाई मात्र डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या.

तेवढ्यात डबा कोकलला.

"ट्रम्पेट!" रिकाम्या जागेकडे बघत नणंदबाई किंचाळल्या. गुडघे दुखतात म्हणून शिडीला हात न लावणारी ती बाई वाऱ्यासारखी सुटली. टॅग बंद करायचा रिमोट उचलून चिमणी मागोमाग धावली.

रस्त्यावर ही गर्दी! चोर ओळखायचा कसा? पण आवाज होता ना. सिग्नलला थांबलेल्या बसमधून तो कर्कश्श टीं-टीं येत होता. नणंदबाईंनी दारावर थापा मारल्या.

"अहो ड्रायव्हरदादा, उघडा! आमचा ट्रम्पेट तुमच्या बसमध्ये रडतोय!"

दार उघडलं. मागच्या बाकावर जाड कोटातला एक माणूस घामाघूम होऊन बसला होता आणि त्याचं पोट जिवाच्या आकांताने वाजत होतं.

"काका, काही बाधलं का?" शेजारी बसलेल्या बाईने विचारलं. अख्खी बस खो-खो हसली. त्याने मुकाट्याने कोटातून ट्रम्पेट काढला, नणंदबाईंच्या हातात कोंबला आणि मागच्या दाराने धूम ठोकली.

चिमणीने धापा टाकत रिमोट दाबला. एकदम शांतता.

"आता वाजवूनही दाखवा की!" कुणीतरी म्हणालं.

लहानपणी वडिलांनी नणंदबाईंना शिकवलं होतं. पण दुकान अंगावर पडल्यापासून त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला नव्हता. पहिली फुंकर फुसकी गेली. दुसरीला असा खणखणीत सूर लागला, की चिमणीच्या अंगावर काटा आला. सिग्नल हिरवा झाला, तरी ड्रायव्हर हलेना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तर नणंदबाईंनी त्यांच्यावर वरताण केली! टाळ्यांचा कडकडाट झाला.

परतताना बसमधले तिघे-चौघे त्यांच्या मागोमाग दुकानात आले.

"चिमणे, वरच्या कपाटातले सॅक्सोफोनही खाली काढ," नणंदबाई लालबुंद चेहऱ्याने म्हणाल्या.

"पण ताई, टॅग संपले."

"मग बघतेस काय? मागव आणखी!"