पठारावरची पुडी

ताई पुड्या सोडते, हे घरात सगळ्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. त्यात राग नव्हता. एखाद्याला घोरायची सवय असते, तशी ताईला पुड्या सोडायची, इतकंच. नोकरीच तशी होती तिची. पाण्याची पाहणी करणाऱ्या खात्यात ती ड्रायव्हर होती. साहेब लोकांना, त्यांच्या यंत्रांना आणि डब्यांना व्हॅनमध्ये कोंबून ती डोंगरापलीकडच्या पठारावर न्यायची आणि आठवडेच्या आठवडे तिकडेच राहायची. परत आली की तिच्याभोवती घर गोळा व्हायचं.

सगळ्यांत गाजलेली पुडी दोन दिव्यांची. "संध्याकाळची वेळ," ताई सांगायची, "गाडीच्या आडोशाला स्टोव्हवर चहा ठेवलेला. या हाताला सूर्य, या हाताला चंद्र. दोघंही एकाच वेळी जमिनीला टेकलेले. एवढे एवढे. आणि मधे मी."

"आणि साखर कोण देत होतं, ताई? सूर्य की चंद्र?" धाकटीचा नवरा दर वेळी तेच विचारायचा, आणि दर वेळी घर हसायचं. ताईही हसायची. पण पुढच्या वेळी ती गोष्ट पुन्हा सांगायची आणि त्यातला एक शब्दही बदलायची नाही. खोटं बोलणाऱ्याला हे जमत नाही, हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं.

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. बाजारातल्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि बोलणं इंचांत. आकाशात दोन दिवे एकदम लागतात की नाही हे तिने कधी मोजलं नव्हतं, म्हणून तिच्या लेखी ते नव्हतंच. तिच्या दुकानाच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची आणि भिंतीच्या वर टॉवेलाएवढं आभाळ. तेवढ्यात दोन दिवे मावणारही कसे?

मग ताईच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं, पुन्हा बघितलं आणि हळूच सांगितलं, की समोरचं पुसत जाईल. अक्षरं जातील, चेहरे जातील. कडेकडेचं राहील. औषधाने वेग कमी होईल, एवढंच. दवाखान्यातून बाहेर आल्यावर ताई पायरीवर बसली. धाकटी तिच्या शेजारी बसली.

"मला एकदा वर जायचंय," ताई म्हणाली. "आहे तेवढ्या डोळ्यांनी ते पुन्हा बघायचंय. आणि तू बरोबर ये. नाहीतर मी मेल्यावरही ती पुडीच राहील."

पुढची पौर्णिमा हीच काय ती संधी होती. त्यानंतर बर्फ पडून वरचा घाट बंद होणार होता, आणि तो उघडेपर्यंत ताईचे डोळे कुठे असतील हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं.

गाडी होतीच. खात्याने मोडीत काढलेली तीच व्हॅन ताईने घेऊन ठेवली होती. परसात पत्र्याखाली ती कित्येक वर्षं उभी होती. टायर जमिनीला चिकटलेले, काचांवर धुळीचे पडदे, आत उंदरांचा संसार. ताईच्या ओळखीतला मेस्त्री आला. त्याने बॅटरीच्या उजेडात गाडीच्या पोटाखाली एक फेरी मारली आणि बाहेर येऊन हात झटकले.

"ताई, हा गंज आहे," तो म्हणाला. "मधे मधे थोडी गाडी आहे."

"तेवढी पुरे," ताई म्हणाली.

धाकटी आली होती ती सीटांची मापं घ्यायला. पण मेस्त्रीने बॉनेट उघडलं आणि ती तिथेच थबकली. गाडी म्हणजे दार उघडून आत बसायची वस्तू, एवढीच तिची समजूत. इतकी वर्षं ती स्वतःची छोटी गाडी दुकानापासून घरापर्यंत चालवत होती, पण त्या झाकणाखाली तिने कधी डोकावलं नव्हतं. आता मेस्त्री एकेक भाग सुटा करून चादरीवर मांडत होता आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच. ही नळी पाणी नेते, ही तेल, ही ब्रेकचं. हा पट्टा फिरला की पंखा फिरतो, पंख्याने पाणी निवतं, पाण्याने लोखंड शाबूत राहतं. कुणीतरी कधीतरी बसून हे सगळं योजलं होतं. तिला वाटलं, आपण जन्मभर कपडे शिवले आणि स्वतःला कारागीर म्हणवून घेतलं.

मग धाकटीचं दुकान दुपारपर्यंतच उघडं राहू लागलं. मेस्त्रीने नव्या नळ्या बसवल्या, ब्रेक खोलून नीट केले, क्लच बदलला, रेडिएटर धुऊन घेतला. गंज खरवडून ठिगळं जोडली आणि सगळ्या पोटाला काळा रंग फासला. दारांची कडक झालेली रबरं ताईने स्वतः चाचपून काढली. बोलताना ती आता माणसाच्या कानापलीकडे कुठेतरी बघायची, आणि बोलणाऱ्याला मागे वळून बघायचा मोह व्हायचा. सीटखाली पाण्याची टाकी बसली, वरती हवेला झरोका झाला. धाकटीने जाड कॅनव्हासचं छत शिवलं. गाडीच्या कुशीला अडकवलं आणि दोन काठ्यांवर उभं केलं, की खाली चौघांची बसायची सोय. ते शिवताना तिच्या मशीनच्या सुया पटापट मोडल्या. तिने एकदाही कुरकूर केली नाही.

इंजिन पहिल्यांदा लागलं त्या दुपारी सगळी गल्ली दचकली. आधी नुसती खोकल्याची उबळ, मग काळा धूर, मग सगळ्या पत्र्यांना कापरं भरलं. धाकटीने बॉनेटवर तळहात ठेवला. मेलेली वस्तू तिच्या हाताखाली गरम होत होती. तिने हात काढला नाही.

घोटाळा झाला तो पलंगाचा. मागच्या भागात झोपायला प्लायवूडची फळी आणि खाली सामानाचे कप्पे करायचे होते. मापं घेण्यात धाकटीचा हात कोण धरणार? तिने आतून टेप लावली, आकडे सुताराला सांगितले, आणि सुताराने त्याच्या कारखान्यात सगळं तयार करून आणलं. फळी आत गेली. मागची दारं काही केल्या मिटेनात. चार बोटं फळी बाहेर.

"मापं कुणी घेतली?" सुताराने विचारलं.

"मी."

"टेपनेच ना?"

"टेपनेच. वर माया धरली."

"काय धरली?"

"माया. जरा जास्तीचं असावं म्हणून."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत कानावर ठेवली. "बाई, कपड्यातली माया शिवणीत आत दुमडता येते. प्लायवूडची माया मी कुठे दुमडू?"

मेस्त्री गाडीखाली होता. तिथूनच त्याच्या हसण्याचा आवाज आला. ताई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. धाकटीही हसली, न हसून करते काय? मग ताईने डोळे पुसले.

"आमच्या धाकटीचं असंच आहे," ती सुताराला म्हणाली. "गिऱ्हाईक उद्या सुटेल, पोर उद्या वाढेल, म्हणून हिची शिवणी-शिवणीत माया. सगळ्या गावाला माया. माझ्या बोलण्याला मात्र हिने कधी बोटभर ठेवली नाही."

हे तिने हसतच म्हटलं. पण पुढे कुणी हसलं नाही. सुतार फळी उचलून कापायला निघून गेला. धाकटी मागच्या उघड्या दारात बसून राहिली. तिला फार लागलं. खोटं असतं तर तिने उत्तर दिलं असतं.

गाडी चालवायला मेस्त्रीचा मावसभाऊ यायचा ठरला होता. संध्याकाळी हात धुताना धाकटी म्हणाली, "त्याला नको सांगू. मी चालवणार."

"तू?" ताई म्हणाली. "तू बाजारातून घरी येतेस ती दुसऱ्या गियरच्या वर जात नाहीस."

"घाट चढायला दुसराच लागतो ना?"

ताईने गाडीची किल्ली तिच्या ओल्या हातावर ठेवली.

मग गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात तालीम सुरू झाली. क्लच असा जड, की धाकटीला त्यावर दोन्ही पायांनी उभं राहावंसं वाटायचं. ताई शेजारी बसून आवाजावरून सांगायची, आता सोड, आता दाब, आता रडतेय ती, गियर बदल. हळूहळू धाकटीच्या पायाला समजलं. शिलाईच्या मशीनचा पाय आणि हा पाय, दोन्हीकडे दाबण्यापेक्षा सोडण्यातच खरं कसब होतं.

निघाल्या त्या दिवशी धाकटीच्या नवऱ्याने चाकं तपासली, पाणी तपासलं, पुन्हा चाकं तपासली. "साखर घेतलीय ना?" त्याने विचारलं, आणि या खेपेला त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता.

घाटाने धाकटीचा जीव काढला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. ती जीव मुठीत धरून वळणामागून वळण घेत होती आणि दर वळणाला खालचं जग लहान होत होतं. ज्या गावात तिचा जन्म गेला ते गाव ताटाएवढं झालं, मग बशीएवढं, मग नाहीसंच झालं. अर्ध्या वाटेत इंजिन तापलं. धाकटीने गाडी कडेला घेतली, चाकामागे दगड लावले, वाफ निवेपर्यंत थांबली आणि मेस्त्रीने शिकवल्याप्रमाणे नळीची सैल पट्टी आवळली. हात चुकले नाहीत. ताई खिडकीशी बसली होती.

"समोरचा डोंगर दिसतोय?" धाकटीने विचारलं.

"डोंगराच्या जागी करडा डाग आहे," ताई म्हणाली. "चल, उशीर नको."

एवढा खटाटोप करून वर पोहोचायचं आणि ताईला काहीच दिसायचं नाही, हे भय दोघींच्या मधे येऊन बसलं.

ऊन कलल्यावर चढ संपला. धाकटीने इंजिन बंद केलं, दार उघडून पाय खाली ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

समोर काहीच नव्हतं. झाड नाही, खांब नाही, भिंत नाही. पिवळट जमीन सुरू झाली होती आणि ती थांबतच नव्हती. चारी बाजूंनी ती आभाळाला जाऊन मिळत होती, आणि आभाळ तर इतकं, की धाकटीने नकळत गाडीचं दार घट्ट धरलं. आपण वर पडू की काय, असं तिला खरोखर वाटलं. जन्मभर जे टॉवेलाएवढं बघितलं त्याचा हा न कापलेला अख्खा तागा होता. कुठून मोजायला सुरुवात करायची हेच तिला कळेना, आणि मोजता येत नाही याचा तिला इतका आनंद झाला की तिचे डोळे भरून आले.

ताईने वास घेतला. "हेच," ती म्हणाली.

दोघींनी छत लावलं नाही, स्टोव्ह पेटवला नाही. सूर्य खाली येत होता. पूर्वेला जमिनीलगत धुरकट जांभळा पट्टा होता आणि धाकटी त्याच्याकडे डोळे फाडून बघत होती. पट्ट्याची कड एका जागी उजळली. मग तिथून भलामोठा, मंद केशरी चंद्र जमिनीतून वर निघू लागला. धाकटीने मागे बघितलं. सूर्य जमिनीला टेकला होता. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दोन्ही सारखेच मोठे, दोन्ही एकाच उंचीवर, आणि सगळी पृथ्वी मधे पसरलेली.

"ताई," ती म्हणाली. "ताई, आहेत गं. दोघंही आहेत. तू सांगितलंस तसेच."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. ती सूर्याकडे तोंड करून उभी होती. "मला तिथे भोक दिसतंय." ती चंद्राकडे वळली. बघत राहिली. "इथेही भोक." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "जाऊ दे. तू बघितलंस ना? झालं तर. तू सांगत जा आता."

धाकटीने तिचा हात धरला. आपण बघितलं ते तिला देता येत असतं तर तिने त्या क्षणी काढून दिलं असतं. ताईने हात सोडवून घेतला, दोन्ही दिव्यांकडे खांदे केले आणि गाडीकडे जायला निघाली. समोर उत्तरेची मोकळी, रिकामी जमीन होती. दोन पावलं टाकली आणि ती जागच्या जागी थांबली.

"ताई?"

"बोलू नकोस."

ती सरळ समोर बघत होती, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. तिच्या एका गालावर तांबूस उजेड होता आणि दुसऱ्या गालावर फिका. धाकटीने तिला इतकं स्तब्ध कधीच बघितलं नव्हतं.

"या हाताला," ताई अगदी हळू म्हणाली, "आणि या हाताला."

धाकटी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिची मान सवयीने आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि दर वेळी एकच दिवा हाती लागला. मग तिनेही ताईसारखं समोर बघितलं, कशावरही नजर न टेकवता. जरा वेळ काहीच झालं नाही. मग डोळ्यांच्या अगदी टोकांना, दोन्हीकडून, उजेड आत आला.

"दिसतंय?" ताईने विचारलं.

"दोन्ही," धाकटी म्हणाली, आणि मान हलवायची हिंमत दोघींनाही झाली नाही.