गुढी उतरवतात तशी

मी एक जुनी डोलकाठी आहे. नाशिकला समुद्र कुठे, असं म्हणून लोक मला हसतात. मित्रांनो, तुम्ही हसू नका. आमच्याकडे गंगापूर धरणाचं पाणी आहे, संध्याकाळचा वारा आहे, आणि त्या वाऱ्यावर शिडाची होडी पळवण्याचं वेड लागलेला एक माणूसही आहे. त्यांचं नाव खंडेराव.

माझा जन्म तसा साधाच. अंबडच्या एका कारखान्यात मी अ‍ॅल्युमिनियमची लांब नळी होते. माझ्याबरोबरच्या नळ्या कापून कुणाच्या सरकत्या खिडक्या झाल्या, कुणाची शिडी झाली, एकीच्या नशिबी तर ओले कपडे वागवणं आलं. खंडेराव तिथेच फिटर होते. त्यांनी मला विकत घेतलं, घासून गुळगुळीत केलं, टोकाला कप्पी बसवली. सहादू नावाच्या मित्राबरोबर त्यांनी एक लाकडी होडी बांधली होती. तिच्यात मला उभं करून तिन्ही बाजूंनी तारा ताणल्या. पहिल्यांदा शीड वाऱ्याने भरलं तेव्हा मी नखशिखांत थरारले. तेव्हापासून मला माझ्या उंचीचा थोडा गर्व आहे. थोडा म्हणजे बराच.

खंडेरावांच्या पत्नी ललिताबाई मला सवत म्हणायच्या. रविवारी आमचे हे तिच्याकडे असतात, असं त्या शेजारणींना खुशाल सांगायच्या. डबा मात्र दोघा मित्रांना पुरेल एवढा द्यायच्या. स्वतः होडीत कधी बसल्या नाहीत.

बर्फ पडणाऱ्या देशांत होड्या हिवाळाभर किनाऱ्यावर निजतात. आमच्याकडे त्या पावसाळ्यात निजतात. मे संपत आला की आमची होडी पाण्यातून ओढून धरणाकाठच्या भागीबाईंच्या शेताच्या बांधावर ठेवली जाते, ती दसऱ्याला पुन्हा पाण्यात जाते. मग दरवर्षीचा प्रश्न येतो, डोलकाठी उतरवायची की तशीच ठेवायची? काही जण ठेवतात. पुन्हा उभारायचा खटाटोप वाचतो. पण उभी काठी वाऱ्याला सापडते. ती हलत राहते, तारा सैल पडतात, होडीचा तळ हादरतो, आणि विजेचं भय असतं ते वेगळंच. म्हणून खंडेराव मला न चुकता उतरवत. एकाने होडीत उभं राहून माझा बुंधा छातीशी धरायचा आणि दुसऱ्याने बांधावरून दोर हळूहळू सोडायचा. बुंधा खंडेरावांचा, दोर सहादूचा. मला उतरणं कधीच आवडलं नाही, पण मला कोण विचारतो?

यंदा माघात खंडेरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, ते पाय ओढत चालू लागले. त्यांची मुलगी तृप्ती होडी विकून टाकावी असं सुचवू लागली. सहादू एकटाच अधूनमधून यायचा, माझ्यावरची धूळ पुसून जायचा.

मेअखेरीस त्याने भागीबाईंच्या माणसांकडून होडी वर ओढून घेतली. मग माझ्याखाली उभं राहून त्याने खंडेरावांना फोन लावला.

"काठी उतरवू ना? वारं लय सुटलंय."

"राहू दे उभी," पलीकडून जड आवाज आला.

सहादूने समजावून पाहिलं. खंडेराव ऐकेनात. "एकदा आडवी झाली की ती आडवीच राहील, सहादू. मला पुन्हा उभी करता यायची नाही," ते म्हणाले.

सहादूने माझ्यावर हात ठेवला. मित्राचा शब्द त्याच्याने मोडवेना. त्याने तारा सोडल्या नाहीत.

खरं सांगू का मित्रांनो, मी खूश झाले. यंदा उतरणं टळलं, एवढंच मला कळलं. मग एका दुपारी वळवाचं वादळ आलं. वाऱ्याने मला असं काही पिळलं की मी मधोमध किंचित वाकले. एका तारेचा हूक उपटून निघाला आणि त्याबरोबर तळाच्या दोन फळ्यांमध्ये फट पडली. ज्या होडीच्या जिवावर मी उंच होते, तिलाच मी उखडत होते. मला फार भीती वाटली.

सहादूने हे ललिताबाईंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी त्या खंडेरावांना रिक्षाने घेऊन आल्या. डाव्या हातातल्या काठीवर भार देत खंडेराव होडीपाशी आले. त्यांनी फट पाहिली, माझा बाक पाहिला, आणि तरीही म्हणाले की तारा आवळा, काठी राहू दे.

बोलल्या त्या ललिताबाई.

"यंदा पाडव्याला गुढी कुणी उभारली?"

"तू."

"तुम्ही खुर्चीतून सांगत होतात, मी उभारत होते. वाकडी झाली का?"

"थोडी."

"थोडी वाकडी चालते. आणि संध्याकाळी उतरवली, तेव्हा पुढच्या वर्षी पाडवा यायचा नाही असं वाटलं तुम्हाला?"

खंडेरावांचे डोळे भरून आले होते. ललिताबाईंनी पदर खोचला.

"मग हिलाही मीच उतरवते. बुंधा कसा धरायचा तेवढं सांगा."

त्या आयुष्यात पहिल्यांदा होडीत चढल्या. सवतीला मिठी मारायची वेळ आली, असं पुटपुटत त्यांनी मला छातीशी घट्ट धरलं. सहादूने दोर घेतला. त्याच्या मागे बांधावर बसून दोराचं टोक खंडेरावांनी डाव्या हातात घेतलं आणि ते सूचना देऊ लागले. सावकाश. ललिता, पाय मागे घे. सहादू, थांब जरा. इतका मोठा आवाज त्यांनी माघापासून काढला नव्हता, असं ललिताबाई नंतर म्हणाल्या. मी हळूहळू खाली आले. या वेळी मला उतरण्याचं वाईट वाटलं नाही.

आता मी इंदिरानगरला त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आहे. भिंतीला हूक मारून ललिताबाईंनी मला मुद्दाम कमरेइतक्या उंचीवर ठेवून घेतलं. डॉक्टरांनी खंडेरावांना रोज चालायला सांगितलं आहे. ते उजवा हात माझ्यावर टेकवतात आणि बुंध्यापासून टोकापर्यंत चालतात, मग परत. सुरुवातीला हात घसरायचा. ललिताबाई एकेक बोट उचलून माझ्यावर ठेवायच्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना वेळेवर उतरवत जा आणि उतरवल्यावर अडगळीत विसरू नका. घरात कुणी माणूस थकून आडवा झाला असेल, तर त्याचंही सगळं संपलं असं समजू नका. त्याच्या हाताला लागेल असं काहीतरी जवळ ठेवा.

आज सकाळी खंडेराव चालत चालत माझ्या टोकाशी आले. टोक संपलं, हात सुटला, आणि ते तसेच चार पावलं पुढे गेले. मग थांबून त्यांनी मागे पाहिलं. ललिताबाईंनी लगेच सहादूला फोन लावला आणि दसऱ्याला टेम्पो मिळेल का, असं विचारलं.