भोंग्याची जागा

दर उन्हाळ्यात शहरातून माणसं आमच्या बेटावर ऐकायला येतात. खाडीकाठच्या देवदारांवर मी स्पीकर टांगते. माणसं गवतावर बसतात, डोळे मिटतात. आधी नुसतं बेट ऐकायचं. मग त्यात हळूहळू रचना मिसळत जाते. कुणी रेकॉर्ड केलेली लाट असते, कुणाच्या घरचं करकरणारं दार असतं, ताणून, उलटं करून त्याचं संगीत केलेलं असतं. रचना चालू असताना आणि संपल्यावरही कुणी बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. हा नियम आयलीने घालून दिला. मला तो आवडतो. त्या संध्याकाळी मी तो मोडला, आणि वेळ आली तर पुन्हा मोडेन.

आयली कांगस आमच्यातली सगळ्यांत जुनी. तिचा बाप इथला कोळी, आणि ती खाडीचे आवाज बांधणारी. गेली काही वर्षं तिचे कान चालले आहेत. आधी पक्षी गेले, मग पोरं, मग बायका. माझा आवाज चिरका, तो तर केव्हाच गेला. ती माझे ओठ वाचते. जाड, खालचे आवाज तेवढे उरलेत. त्यातला तिचा लाडका म्हणजे संध्याकाळच्या फेरीबोटीचा भोंगा. बोट धक्का सोडून काळ्या खडकापाशी आली की भोंगा देते आणि समोरचा कडा तो परत पाठवतो.

यंदाची रचना तिने त्या भोंग्यावर बांधली होती. पहिला भाग संपला की आवाजाच्या मिक्सरच्या सगळ्या दांड्या खाली ओढून स्पीकर गप्प करायचे आणि थांबायचं. भोंगा झाला की त्याच्याच शेपटाला धरून दुसरा भाग सुरू.

"हे माझं शेवटचं," वसंतात ती म्हणाली. "पुढच्या वर्षी भोंगा तरी ऐकू येईल का, कोण जाणे. एकदा तो माझ्या कामात ऐकायचाय."

"उगाच रड लावू नकोस."

"रडतंय कोण? तू स्पीकर नीट टांग. मागच्या खेपेला काय खारींसाठी टांगले होतेस?"

आणि मग आला ग्रॅहम थॉर्ली. आमच्या या ऐकण्याच्या महोत्सवाचा नवा संचालक, शहरातला. तागाचा कोट, आणि आवाज जाड, रिकाम्या पिंपातून आल्यासारखा. आल्या दिवसापासून त्याच्या तोंडी एकच शब्द, शुद्ध. शुद्ध खाडी, शुद्ध वारा. कार्यक्रमाच्या दिवशी त्याने दारोदार फिरून गावातली कुत्री घरात कोंडायला लावली. मी म्हटलं, कुत्री इथलीच आहेत, तू पाहुणा आहेस. तो हसला. समजूतदार माणसं मूर्खांशी हसतात तसा. माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं.

संध्याकाळ मस्त होती. वारा पडलेला, पाणी सपाट. आयलीने पहिला भाग हातांनी असा खेळवला की आवाज एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चालत गेला. मग तिने दांड्या खाली ओढल्या. बोटीने धक्का सोडला. आयलीने हात उचलून तयार ठेवला.

बोट काळ्या खडकापाशी आली. खडक मागे पडला. ती टोकाला वळसा घालून दिसेनाशी झाली, आणि भोंगा वाजलाच नाही.

आयलीचा हात तसाच हवेत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एक बोट कानाला लावलं. मी ओठांनी सांगितलं, वाजला नाही. ती हसली. समजूत घालणाऱ्या डॉक्टरकडे पाहून माणूस हसतं तशी. मान हलवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

गवतावरची माणसं डोळे मिटून बसली होती. एक बाई त्या शांततेने गहिवरून डोळे पुसत होती. त्यांना वाटत होतं हेच संगीत.

मी झाडामागे जाऊन कमरेची वॉकी-टॉकी काढली. बोटीवर सामान चढवताना कप्तान वॉलेसशी बोलायला ती असते.

"वॉलेस, भोंगा का नाही दिलास?"

"अगं, अंगावर काय येतेस? तुमचा तो पिंपतोंड्या सकाळी येऊन सांगून गेला, आज द्यायचा नाही. म्हणाला, आयलीचीच इच्छा आहे."

मी सरळ ग्रॅहमपुढे जाऊन उभी राहिले.

"ऊठ."

त्याने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. मी त्याच्या कोटाची कॉलर धरली.

"भोंगा तू बंद करवलास?"

"अर्थात," तो कुजबुजला. "ती जागा आयलींनी मोकळी ठेवली होती. तिथे डिझेलच्या बोटीची घाण येऊ द्यायची? डोरीन, लोक बघतायत."

"बघू देत. आयलीचं नाव सांगून खोटं बोलताना नाही लाज वाटली? तिथे ती काय समजून बसलीय, दिसतंय तुला? आपले कान संपले असं समजून बसलीय ती. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तिला वाटतं मी दया करतेय. तुझा आवाज तिला ऐकू येतो. चल, सांग तिला."

मी त्याला मिक्सरपाशी ओढत नेलं. तो खाली वाकला.

"आयली, माझा हेतू असा होता की..."

"हेतू राहू दे," मी म्हटलं. "काय केलंस ते सांग. मोठ्याने."

तो ताठ उभा राहिला. "भोंगा मी बंद करायला लावला."

पिंप खाडीभर घुमलं. पलीकडच्या कड्याने ते परत पाठवलं. आयलीने मान वळवून कड्याकडे पाहिलं.

"परत म्हण," ती म्हणाली.

त्याने म्हटलं. कड्यानेही म्हटलं. तिने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांत मी कधी न पाहिलेला संताप होता.

"म्हणजे बहिरी मी नाही," ती म्हणाली. "बहिरा तू आहेस. आता बोट परत येईपर्यंत इथून कुणी हलायचं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, पण परतायला आम्हाला तीच बोट आहे, आधी धक्क्यावर जायला हवं. आयलीला ते ऐकू आलं नाही. मला आलं, आणि मी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो खाली बसला.

डास चावत राहिले. अंधारून आलं. ग्रॅहम मिक्सरशेजारी जमिनीवर बसून होता, तागाचा कोट ओल्या गवतात. मी वॉलेसला एवढंच सांगितलं, की इच्छा आयलीची नव्हती.

बोट टोकाला वळसा घालून आली आणि काळ्या खडकापाशी वॉलेसने भोंगा दिला. इतका लांब त्याने कधीच दिला नव्हता. कडा गरजला. गावात कोंडलेली कुत्री दारांआडून एकदम ओरडू लागली. मी आयलीला खूण करायला हात उचलला, पण तिच्या दांड्या आधीच वर सरकल्या होत्या. सगळी झाडं वाजायला लागली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिचे हात थांबत नव्हते.

ग्रॅहम माझ्याकडे झुकला. "डोरीन, मला आत्ता कळलं..."

"गप्प बस," मी म्हटलं.